तराजू भंगारात गेला

आमच्या जिल्ह्यातल्या एका शाळेने यंदा प्रयोगशाळेची खोली रिकामी करून तिथे मोठा टीव्ही बसवला. काचेच्या पेटीतला जुना तराजू भंगारवाल्याला दिला. हे कळलं तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. वस्तुमान अक्षय्यतेचा नियम तराजूशिवाय शिकवता येतो असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण जुनं आहे.

ऐंशीच्या दशकाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. समीकरण फळ्यावर लिहायचं, मुलांनी उतरवून घ्यायचं. १९८७ साली खडू-फळा योजना आली. तिच्यातल्या मी पाहिलेल्या बऱ्याच विज्ञानपेट्या कुलपातच राहिल्या.

नव्वदचं दशक मात्र आम्ही जगलो. आठवीच्या वर्गात पहिला प्रयोग उघड्या बाटलीत करायचा: लिंबाचा रस, चिमूटभर खायचा सोडा. फसफसून झालं की पारडं वर जायचं. "सर, वजन काहून कमी झालं?" हा प्रश्न मुलांकडून येईपर्यंत मी नियमाचं नावही काढत नसे. मग तोच प्रयोग जाड काचेच्या, घट्ट बुचाच्या बाटलीत. वायू आतच राहायचा, वजन तेवढंच भरायचं. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये लाव्हाझिएने बंद भांड्यांची वजनं करून हेच दाखवलं होतं.

त्यानंतर समीकरण. लोणारकडच्या मुलांना खार ओळखीचा. सरोवराचं पाणी आटलं की काठावर पांढरा थर उरतो, त्यात सोडियम कार्बोनेट असतं, तोच आपला धुण्याचा सोडा. त्याच्या द्रावणात कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण ओतलं की पांढरी चुनखडी तळाशी बसते आणि पाण्यात मीठ उरतं. १०६ भाग सोडा आणि १११ भाग कॅल्शियम क्लोराइड. तयार होते १०० भाग चुनखडी आणि ११७ भाग मीठ. दोन्हीकडे बेरीज २१७. सोड्यात सोडियमचे दोन अणू आहेत, म्हणून उजवीकडे मिठाच्या मागे २ लिहायचा. अणू तेच राहतात, फक्त जोड्या बदलतात, हे बेरीज जुळली की मुलांना सांगावं लागत नसे.

एका तपासणीत साहेबांनी विचारलं होतं, "एका समीकरणाला तीन तास? अभ्यासक्रम कधी संपणार?" त्यांचं म्हणणं मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही.

पुढची वर्षं माहिती भरण्यात आणि फोटो पाठवण्यात गेली. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा माझे जुने विद्यार्थी फोनवर विचारत होते. पाणी आटून खारटपणा वाढला आणि खारात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग आणला, असं संशोधकांनी सांगितलं. सरोवरातून नदी बाहेर पडत नाही. वाफ उडून जाते, क्षार मागे राहतात. हे त्यांना लगेच उमगलं, कारण बुचाची बाटली त्यांनी हाताळली होती.

टीव्हीवरच्या चित्रफितीत बाटलीच्या तोंडाला फुगा लावतात. फुगलेला फुगा जास्त हवा बाजूला सारतो, म्हणून काटा वजन किंचित कमी दाखवतो. मी पाहिलेल्या चित्रफितीत हे सांगितलेलं नव्हतं, आणि टीव्हीसमोर बसलेल्या मुलाला ते पडताळून पाहता येत नाही.

आपलं खामगाव रजतनगरी म्हणून ओळखलं जातं. चांदी तोलायला जसे काटे लागतात, तसा एकेक काटा जिल्हा नियोजन समितीने जिल्ह्यातल्या प्रत्येक उच्च प्राथमिक शाळेला द्यावा, आणि तो कपाटात न ठेवता मुलांच्या हाती द्यावा.