मांड आणि हुद्दा

घोडेस्वाराची पारख कशावरून करावयाची? त्याच्या मांडीवरून आणि लगामावरील हातावरून, असेच कोणीही म्हणेल. परंतु ऑलिंपिक सामन्यांना ही साधी गोष्ट पटावयास चाळीस वर्षे लागली.

१९०० साली पॅरिस येथे घोड्यांच्या उड्यांचे सामने झाले होते. पण या खेळाची घडी बसली ती १९१२ साली स्टॉकहोम येथे. तेव्हा तीन प्रकार ठरले. पहिला ड्रेसाज, म्हणजे स्वाराच्या सूक्ष्म इशाऱ्यांवर घोड्याने दाखवावयाच्या डौलदार चाली. दुसरा, अडथळ्यांवरून उड्या. तिसरा, या दोहोंना रानातील दौडीची जोड देऊन कित्येक दिवस घेतलेली कसोटी. ही तर लष्करी घोड्याचीच परीक्षा होती. घोडदळ हे त्या काळी युद्धाचे अंग असल्यामुळे खेळावर पगडा बसला तो सैन्यातील अधिकाऱ्यांचा. अधिकारपद नसलेल्या सैनिकाला येथे मज्जाव होता, स्त्रियांनाही होता.

१९४८ साली लंडन येथे स्वीडनच्या संघाने ड्रेसाजचे सुवर्णपदक मिळविले. त्या संघातील गेनाल पेर्सन हा मुळात सार्जंटच्या दर्जाचा, म्हणजे आपल्याकडील हवालदारासारखा. सामन्यांपुरते त्याला अधिकारी करण्यात आले आणि सामने संपल्यावर थोड्याच आठवड्यांत पूर्वपदावर आणण्यात आले. ही गोष्ट उघडकीस येताच १९४९ साली स्वीडनचा संघ बाद ठरला व सुवर्णपदक फ्रान्सकडे गेले. पेर्सनच्या घोडेस्वारीत कोणी खोट काढली नव्हती. खोट निघाली ती हुद्द्यात!

नियमाचे हसे झाले आणि तो गेला. १९५२ साली हेलसिंकी येथे हुद्द्याची अट उरली नाही, आणि ड्रेसाज स्त्रियांनाही खुले झाले. पेर्सन त्याच हुद्द्याने उतरला आणि त्याच्या संघाने पुन्हा सुवर्णपदक जिंकले. त्याच सामन्यांत डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंनी वैयक्तिक रौप्यपदक पटकाविले. १९४४ साली पोलिओने त्यांचे पाय गुडघ्यांखाली लुळे पडले होते. घोड्यावर चढावयाससुद्धा दुसऱ्याचा हात लागे. ड्रेसाजमध्ये पायांचा दाब हीच घोड्याशी बोलण्याची मुख्य भाषा. ती गमावल्यावर बाईंनी शरीराचा तोल आणि पाठीचा कल यांनी आपल्या जुबिली घोडीशी संवाद साधला.

पुढे १९५६ साली उड्यांचा व १९६४ साली तिसरा प्रकारही स्त्रियांना मोकळा झाला. आज या खेळात स्त्रीपुरुष एकाच सामन्यात, एकाच मापाने तोलले जातात. घोड्याला पाठीवरच्या माणसाचा हुद्दा कधीच कळत नव्हता. त्याला कळत होती ती मांड. माणसांना ते कळावयास मात्र एक सुवर्णपदक हिरावून घ्यावे लागले.