घमेल्यातलं साडेतीन लिटर

सतरा नंबरचा पाना अर्धा फेरा फिरला आणि पुढचं काम बोटांनीच होईल असं वाटलं. झालंही, फक्त शेवटच्या आट्याला बोल्ट हातून निसटला. तो खालच्या घमेल्यात पडला आणि त्याच्यामागून आलेलं गरम तेल मनगटावरून थेट कोपरापर्यंत ओघळलं. रविवारची सकाळ, साडेसातची वेळ, नेरुळमधल्या आमच्या सोसायटीचं पार्किंग. मी गाडीखाली उताणा. वॉचमनने वाकून पाहिलं आणि फार काळजीने विचारलं, ‘साहेब, मेकॅनिक बोलावू का?’

मेकॅनिक नको होता म्हणूनच तर हा खटाटोप. अकरा वर्षं ही गाडी चालवतोय. दरवर्षी बिलावर ‘इंजिन ऑइल’ अशी एक ओळ असते आणि मी तिचे पैसे भरतो. ज्या वस्तूचे इतकी वर्षं पैसे भरले, ती एकदाही डोळ्यांनी पाहिली नव्हती. काम तसं फार नाही. खालून जुनं तेल सोडायचं, फिल्टर बदलायचा, वरून नवं ओतायचं. पण गाडीबरोबर मिळालेला जॅक चाक बदलण्यापुरताच असतो, त्याच्या भरवशावर कुणी गाडीखाली शिरू नये. मी जॅक स्टँड आणले, मागच्या चाकांना विटा लावल्या आणि गाडी दोनदा हलवून पाहिली. मगच आत सरकलो.

तेल आणायला आदल्या दिवशी एपीएमसीच्या ट्रक टर्मिनलजवळच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो होतो. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, ‘वीस-चाळीस देऊ की पाच-तीस?’ गाडीच्या पुस्तिकेत ‘५डब्ल्यू-३०’ होतं, तेच मागितलं. यातल्या ‘डब्ल्यू’ला बरेच जण ‘वेट’, म्हणजे वजन समजतात. खरं तर तो ‘विंटर’मधला, म्हणजे हिवाळ्याचा. अमेरिकेतल्या एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेने १९११ साली तेलांची दाटपणावरून प्रतवारी सुरू केली आणि त्याच परंपरेतले हे आकडे आहेत. नुसता ३० हा आकडा १०० अंश सेल्सिअसला तेल किती दाट उरतं ते सांगतो. ‘५डब्ल्यू’ म्हणजे उणे ३० अंशांनाही इंजिन फिरू शकेल इतपत ते पातळ राहिलं पाहिजे.

आपल्याकडे वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले तरी पेपरात फोटो येतो. मग नेरुळमध्ये उणे तीसचं काय कौतुक? कौतुक आहे, कारण हिवाळा ठरवायचा तो इंजिनाच्या बाजूने. तेलाचं रोजचं काम चालतं ९०-१०० अंशांना. त्याच्या हिशेबाने नेरुळची २५ अंशांची सकाळ ही कडाक्याची थंडीच. ५डब्ल्यू-३० तेल ४० अंशांना जेवढं दाट असतं, त्याच्या साधारण सहाव्या भागाइतकं १०० अंशांना उरतं. रात्रभर उभ्या गाडीतलं तेल खाली चेंबरमध्ये उतरून बसलेलं असतं. किल्ली फिरवल्यावर ते वरपर्यंत चढायला जे काही क्षण लागतात, त्या क्षणांत धातू धातूला घासत असतो. तेल जितकं पातळ, तितके ते क्षण कमी.

पण थंडीत पातळ असलेलं तेल गरम झाल्यावर पाण्यासारखं व्हायचं. ते होऊ नये म्हणून त्यात लांबलचक साखळ्यांचे रेणू, म्हणजे पॉलिमर, मिसळलेले असतात. थंड तेलात ते लोकरीच्या गुंड्यासारखे आवळून बसतात आणि तापले की उलगडतात. उलगडलेल्या साखळ्या वाहणाऱ्या तेलाला अडवतात, त्यामुळे तेल जेवढं पातळ झालं असतं तेवढं होत नाही. मात्र दातेरी चाकांच्या आणि बेअरिंगांच्या चिमटीत सापडून हे धागे हळूहळू तुटत जातात. तेल जुनं होतं ते काही अंशी असं.

एवढं सगळं कशासाठी, तर दोन धातूंच्या मध्ये राहण्यासाठी. तेल ‘घसरडं’ असतं म्हणून वंगण करतं, अशी माझी शाळेपासूनची समजूत. १८८०च्या दशकात इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा अभियंता रेल्वेसाठीच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. फिरता आस खालून तेलात बुडालेला, वर अर्धगोल बेअरिंग, त्यावर भार. वरूनही तेल घालता यावं म्हणून त्याने बेअरिंगला भोक पाडलं. यंत्र सुरू केलं तर तेल आत जायच्या ऐवजी भोकातून वर यायला लागलं. बूच मारलं, ते उडालं. लाकडाची खुंटी ठोकली, तीही सरकत सरकत बाहेर आली. शेवटी त्याने तिथे दाबमापक बसवला. बेअरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचाला १०० पौंड होता, आणि काटा २०० च्याही पुढे गेला. म्हणजे आस बेअरिंगला टेकलेलाच नव्हता. सगळा भार तेलाने उचलून धरला होता.

याचं गणित १८८६ साली ऑसबर्न रेनॉल्ड्सने मांडलं. फिरणारा आस तेलाला आपल्याबरोबर ओढत निमुळत्या फटीत नेतो. पुढे जागा कमी होत जाते, तेलाची पाचर बनते, दाब वाढतो आणि आस वर उचलला जातो. हे ज्याला पाहायचं असेल त्याने जुलैत सायन-पनवेल महामार्गावर जावं. साचलेल्या पाण्यावरून वेगात जाताना स्टिअरिंग अचानक हलकं लागतं आणि पोटात गोळा येतो. टायरखाली पाण्याची पाचर शिरलेली असते आणि टायर रस्ता सोडून तिच्यावर तरंगत असतो. रस्त्यावर जे जिवावर बेततं, त्याच्याच जोरावर त्याच क्षणी बॉनेटखालचं इंजिन जिवंत असतं. मिनिटाला ३,००० फेरे म्हणजे क्रँकशाफ्टचे सेकंदाला ५० फेरे, आणि सर्वांत अरुंद जागी मध्ये तेलाचा थर असतो जेमतेम काही मायक्रॉनचा. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो.

पाचर बनायला वेग लागतो. पिस्टन वर पोचून उलटा फिरतो तेव्हा क्षणभर थांबतोच, तिथे पाचर मोडते. अशा जागांसाठी तेलात जस्त, फॉस्फरस आणि गंधक असलेलं एक रसायन घालतात. त्याचं नाव उच्चारायच्या भानगडीत कुणी पडत नाही, सगळे झेडडीडीपीच म्हणतात. १९४०च्या दशकात ते तेल खराब होऊ नये म्हणून घालायला लागले, झीज थांबवण्याचा त्याचा गुण नंतर लक्षात आला. घर्षणाच्या जागी, घर्षणाच्याच उष्णतेने आणि दाबाने ते धातूवर काचेसारखा एक थर धरतं. जाडी केसाच्या सुमारे सातशेव्या भागाएवढी. झिजायचा तो हा थर झिजतो, पुन्हा धरतो.

धातूला चिकटून राहायचा गुण आपल्या एरंडेलातही आहे, कारण त्याच्या रेणूचं एक टोक धातूकडे ओढलं जातं. बैलगाडीच्या आसाला एरंडेल चालायचं आणि पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनांनाही. कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा १९०९ साली एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच पडलं. असो, एरंडाचं गुऱ्हाळ पुरे.

घमेल्यात जमलेलं तेल काळंकुट्ट होतं. ‘इंजिन गेलं वाटतं,’ वॉचमन म्हणाला. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण कपडे धुतल्यावर बादलीतलं पाणी गढूळ झालं म्हणून आपण साबणाला नावं ठेवत नाही. तेलात अक्षरशः डिटर्जंट असतात, कॅल्शियमची आणि मॅग्नेशियमची संयुगं. ती ज्वलनात तयार होणारी आम्लं मारतात आणि मळ धातूवर बसू देत नाहीत. दुसरी रसायनं काजळीच्या प्रत्येक कणाला वेढून ठेवतात, म्हणजे कण एकमेकांना चिकटून गाळ होत नाही. फिल्टर हे काळेपण गाळू शकत नाही, कारण काजळीचे कण एका मायक्रॉनपेक्षाही लहान आणि फिल्टरची पकड त्याच्या कितीतरी वरची. तेलात मळ आहे, म्हणजे तो इंजिनाच्या भिंतींवर नाही. उलट वर्षभर वापरूनही तेल सोनेरी राहिलं तर मी घाबरलो असतो.

खरा संशय आला तो वरचं झाकण उघडल्यावर. आतल्या बाजूला लोण्यासारखी पिवळट साय. ती पाण्याची करामत. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थोडी वाफ आणि न जळलेलं थोडं पेट्रोल पिस्टनच्या कडांवरून खाली तेलात उतरतं. इंजिन चांगलं तापून बराच वेळ चाललं तर दोन्ही उडून जातात. न तापताच बंद झालं तर मुक्काम ठोकतात. पुस्तिकेत ‘१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ असं छापलेलं असतं. माझी गाडी वर्षात जेमतेम चार हजार चालते, म्हणून यंदा मी सर्व्हिसिंग पाच महिने लांबवलं होतं, आणि त्याचा थोडा अभिमानही होता.

बाकीचं काम बिनबोभाट झालं. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहते कधी कधी. ती तशीच ठेवून वर नवा फिल्टर बसवला तर तेल भसाभसा गळतं. बोटाने चाचपून पाहिलं, निघून आली होती. नव्या रिंगला तेलाचं बोट फिरवलं. बोल्टला नवा वायसर घातला आणि तो मोजूनमापून ३५ न्यूटन-मीटरला आवळला. अंदाजाने जोर लावून चेंबरचे आटे घालवणारे वीर पुष्कळ आहेत. तीन लिटर ओतून थांबलो, मग पट्टी बघत बघत बाकीचं. तेल जास्त झालं तर क्रँकशाफ्ट ते ताकासारखं घुसळतो, आणि फेसाची पाचर काही भार उचलत नाही.

उरलं घमेलं. ते डब्यात ओतलं आणि खरा प्रश्न पुढे आला. साडेतीन लिटर जळकं ऑइल घेऊन माणसाने जायचं कुठे? घंटागाडीवाल्याने डब्याकडे पाहून नुसती मान हलवली. वॉचमन म्हणाला, ‘मला द्या साहेब, गावी दाराला लावतो. वाळवी लागत नाही.’ समोरच्या इमारतीचं काम चालू आहे. तिथेही सेंट्रिंगच्या पत्र्यांना जळकं ऑइलच फासतात, म्हणजे काँक्रीट चिकटत नाही. जळक्या ऑइलला गिऱ्हाईक नाही असं नाहीच. पण वापरलेल्या तेलात ज्वलनातून आलेली, कर्करोगाला कारण ठरू शकणारी बहुवलयी संयुगं असतात आणि धातूंचा चुराही. दाराला हात रोज लागतो. वॉचमनला नाही म्हणणं जड गेलं, त्याचा चेहराही उतरला.

गटारात ओतायचा विचार मनात येऊ नये म्हणून मी हिशेब केला. रस्त्यावर पावसात तेलाचे इंद्रधनुषी पट्टे दिसतात ते थर सुमारे ०.३ मायक्रॉनपासून पुढचे. तेवढ्या पातळ पसरलं तर साडेतीन लिटर दीड फुटबॉल मैदानांपेक्षा जास्त जागा व्यापेल. आणि आमच्या नेरुळचं पावसाचं पाणी जातं सिडकोच्या धारण तलावांत, तिथून ओहोटीला खाडीत. वाटेत शुद्धीकरण नाही. पलीकडे ठाणे खाडी, फ्लेमिंगोंची, २०२२ पासून रामसर यादीतली. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली, शेकडो टन तेल सांडलं आणि वाशी-उरणपर्यंतच्या खारफुटीची मुळं काळी पडली. ते तेल निदान बातमीत तरी आलं.

गंमत म्हणजे हे तेल संपलेलं नसतंच. संपतात ती त्यातली रसायनं. मूळ तेल, ज्याला बेस ऑइल म्हणतात, बरंचसं धडधाकट असतं. पाणी-पेट्रोल उडवून, निर्वातात ऊर्ध्वपातन करून आणि हायड्रोजनची प्रक्रिया देऊन ते पुन्हा काढता येतं. नवं बेस ऑइल बनवणारा देशातला सर्वांत मोठा कारखाना आमच्यापासून खाडी आणि ट्रॉम्बेचा डोंगर ओलांडला की माहुलला आहे, हिंदुस्थान पेट्रोलियमच्या रिफायनरीत. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. ते गोळा करवून पुन्हा शुद्ध करवण्याची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या-विकणाऱ्यांवर टाकली आहे. कागदावर साखळी पूर्ण आहे. तिची पहिली कडी माझ्या हातातल्या डब्यापर्यंत आली नव्हती, एवढंच.

शेवटी ज्या गॅरेजला यंदा चुकवलं होतं, तिथेच गेलो. मागच्या बाजूला जळक्या ऑइलचा ड्रम होता. नोंदणी असलेला माणूस येऊन नेतो म्हणाले, पावतीही दाखवली. तिथल्या जुन्या मेकॅनिकने डबा घेतला, ओतण्याआधी एक थेंब अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळला, नाकाशी नेला.

‘स्वतः बदललं का?’

‘हो.’

‘बरं केलं.’ पुन्हा वास घेतला. ‘पेट्रोल उतरलंय तेलात. गाडी घर ते स्टेशन एवढीच चालते ना तुमची?’

अडीच किलोमीटर, मी म्हणालो. त्याने डबा ड्रमवर पालथा धरला आणि शेवटचा थेंब गळेपर्यंत तसाच धरून ठेवला.