ऐकणारा राजा : योशीयाचा पश्चात्ताप आणि न टळलेला न्याय

मागच्या व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं चालू होती. शेवटी एक भाऊ उभे राहिले, त्यांनी एक प्रश्न विचारला आणि वेळ संपत आल्यामुळे आम्ही त्यांना दोन वाक्यांत उत्तर दिलं. ते उत्तर आमचं आम्हालाच पटलं नाही. म्हणून आज ठरलेला विषय बाजूला ठेवून आपण त्याच प्रश्नाकडे जाऊ या.

त्यांचं म्हणणं असं होतं : दारू सोडून तीन वर्षं झाली. देवासमोर पाप कबूल केलं, रडलो. दर रविवारी उपासनेला येतो. पण मुलगा अजून माझ्याशी बोलत नाही, आणि त्या दिवसांतलं कर्जही फिटलेलं नाही. मग देवाने मला क्षमा केली हे मी कशावरून समजू?

आम्ही म्हणालो, धीर धरा, देव सगळं ठीक करील. बोलायला काय, सोपं आहे. पण पवित्र शास्त्रात एक माणूस असा आहे की ज्याला देवाने जवळजवळ उलटंच कळवलं. तुझा पश्चात्ताप मी पाहिला, तुझं रडणं मी ऐकलं, पण जे संकट यायचं आहे ते येणारच. तो माणूस म्हणजे यहूदाचा राजा योशीया. त्याची गोष्ट २ राजे २२ आणि २३ या अध्यायांत आहे, आणि २ इतिहास ३४ व ३५ मध्ये पुन्हा आली आहे. घरी गेल्यावर हे चारही अध्याय सलग वाचा. अर्धा तास लागेल फार तर.

योशीया गादीवर बसला तेव्हा ८ वर्षांचा होता. बाप आमोन, ज्याने दोनच वर्षं राज्य केलं आणि जो आपल्याच चाकरांच्या हातून वाड्यात मारला गेला. आजोबा मनश्शे, ज्याने ५५ वर्षं राज्य केलं आणि परमेश्वराच्या मंदिरातच इतर दैवतांच्या वेद्या उभ्या केल्या. अशा घरात वाढलेला हा मुलगा. तरी इतिहासाचं पुस्तक सांगतं की राज्याच्या ८व्या वर्षी, म्हणजे सोळाव्या वर्षी, तो देवाचा शोध करू लागला, आणि १२व्या वर्षी त्याने देशातल्या मूर्ती काढायला सुरुवात केली.

हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. पुढचा मोठा प्रसंग घडला राज्याच्या १८व्या वर्षी, इतिहासकारांच्या हिशेबाने इ. स. पूर्व ६२२ च्या सुमारास. म्हणजे तेव्हा योशीया कोणी बिघडलेला राजा नव्हता. तो चांगल्या मार्गावरच होता, मंदिराची दुरुस्ती त्यानेच काढली होती. सुतार, गवंडी कामाला लागले होते. आणि बघा, किती छान बारकावा आहे : त्या कारागिरांकडून पैशाचा हिशेब मागायचा नाही, कारण ते सचोटीने काम करतात, असं तिथे लिहिलंय. (श्रोत्यांत हशा.) हसू नका, आपल्या मंडळ्यांच्या इमारत निधीसाठी हे वचन कोणी काढून दाखवू नये म्हणजे झालं!

तर अशा चालू कामात मुख्य याजक हिल्कीया याला मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. देवाच्या घरात देवाचं वचन हरवलेलं होतं! त्याने तो शाफान चिटणिसाकडे दिला. शाफान राजाकडे गेला, आणि त्याने आधी काय सांगितलं? पैशाचं. अमुक रक्कम काढली, कारागिरांना दिली. मग सहज सांगावं तसं, हिल्कीया याजकाने मला एक ग्रंथ दिलाय. आणि तो वाचू लागला.

राजाने ते ऐकलं आणि आपली वस्त्रं फाडली.

आता इथे जरा थांबू या, कारण सगळी गोष्ट या 'ऐकलं' शब्दावर उभी आहे. आपल्या मराठीत पाहा. आई म्हणते, "हा मुलगा माझं ऐकतच नाही." त्याचे कान बिघडलेत का? नाही. तो सांगितलेलं करत नाही, एवढाच त्याचा अर्थ. इब्रीतही असंच आहे. 'शमा' या क्रियापदाचा अर्थ ऐकणं, आणि आपण जिथे आज्ञा पाळणं म्हणतो तिथेही मूळ वचनात पुष्कळदा हाच शब्द असतो. आज्ञापालन म्हटलं की आपल्याला शाळेतली शिस्त आठवते, छडी आठवते. 'ऐकणं' म्हटलं की समोर कोणीतरी बोलतंय हे आधी आठवतं. आम्हाला तर वाटतं, प्रवचनांतून 'आज्ञापालन' हा जड शब्द थोडा कमी वापरावा आणि 'देवाचं ऐकणं' हा आपल्या आयांचा शब्द जास्त वापरावा.

दुसरा शब्द पश्चात्ताप. पश्चात् म्हणजे मागाहून, ताप म्हणजे जळणं, पोळणं. चूक झाल्यावर मागाहून मनाला होणारी आग. शब्द चांगला आहे, पण तो आगीपाशीच थांबतो. इब्री शब्द आहे 'शूब', म्हणजे वळणं, परत फिरणं. चुकीच्या रस्त्याला लागलेल्या माणसाला नुसतं वाईट वाटून भागत नाही, पाय उलटे वळावे लागतात. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत आपण किती रडतो! आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात? ताप होता, वळण नव्हतं. हे आम्ही स्वतःलाही धरून बोलतो आहोत.

योशीयाच्या बाबतीत दोन्ही होतं. तो रडला, आणि लगेच त्याने पाच माणसं परमेश्वराला विचारायला पाठवली. ती गेली हुल्दा नावाच्या संदेष्ट्रीकडे. ती राजवस्त्रांची देखरेख करणाऱ्या शल्लूमची बायको, यरुशलेमच्याच दुसऱ्या पेठेत राहणारी. त्या काळात यिर्मयाही संदेश देत होता, पण ही पाच मोठी माणसं एका बाईच्या दारात जाऊन उभी राहिली, आणि याचं शास्त्राला काही नवल वाटलेलं दिसत नाही.

हुल्दाचं उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग कठीण : या नगरीवर संकट येणार, ग्रंथात लिहिलंय ते सगळं होणार. दुसरा भाग राजासाठी : तुझं मन कोमल झालं, तू नम्र झालास, वस्त्रं फाडलीस, रडलास, म्हणून मीही तुझं ऐकलं आहे, ते संकट तुझ्या डोळ्यांनी तुला पाहावं लागणार नाही. तोच 'शमा' शब्द इथेही आहे, बरं का. राजाने देवाचं ऐकलं, देवाने राजाचं ऐकलं. क्षमा झालेल्या माणसाला सर्वांत आधी मिळतं ते हेच : त्याचं ऐकलं जातं. परिस्थिती अजून तशीच आहे, पण बोलणं पुन्हा सुरू झालं आहे.

आता योशीयाच्या जागी आपण असतो तर? नगरी वाचणार नाही, आपल्या हयातीत काही होणार नाही. मग कशाला धडपड करायची? एवढे उपद्व्याप कोणासाठी? पण २३वा अध्याय उघडला की हा माणूस कामाला लागलेला दिसतो. त्याने सर्व लोकांना, लहानथोरांना, मंदिरात जमवलं आणि तो ग्रंथ त्यांना वाचून दाखवला. स्तंभाजवळ उभं राहून त्याने करार केला. मग मंदिरातली अशेरा मूर्ती बाहेर काढून किद्रोन ओहोळापाशी जाळली. सूर्याला वाहिलेले घोडे काढले, रथ जाळले. हिन्नोमाच्या खोऱ्यातलं तोफेत, जिथे लोक आपल्या मुलामुलींना अग्नीत होम करत, ते भ्रष्ट करून टाकलं. बेथेलपर्यंत जाऊन तिथली वेदी फोडली. आणि शेवटी वल्हांडण सण पाळला, शास्त्र्यांच्या काळापासून कधी झाला नव्हता असा.

हे सगळं न्याय टळावा म्हणून केलेलं नाही. न्याय टळणार नाही हे कळल्यावर केलेलं आहे. सौदा करायला काही उरलंच नव्हतं. म्हणून हे आज्ञापालन आम्हाला इतकं निखळ वाटतं. आपण पुष्कळदा देवाशी व्यवहार करतो : मी हे सोडतो, तू ते दे. आणि 'ते' मिळालं नाही की सोडलेलं पुन्हा धरतो. प्रभू येशूने वधस्तंभावर आपल्या क्षमेची किंमत भरलेली आहे, ती पूर्ण भरलेली आहे, आपल्या चांगल्या वागण्याचे हप्ते तिच्यात लागत नाहीत. त्यामुळे आपण जे ऐकायचं, पाळायचं, ते क्षमा मिळवायला नव्हे. ज्याने आपलं ऐकलं, त्याचं ऐकायचं, इतकं ते साधं आहे.

२३व्या अध्यायाच्या २५व्या आणि २६व्या वचनांत तर इब्री वाचणाऱ्याला धक्काच बसतो. आधी म्हटलंय, याच्यासारखा पूर्ण मनाने परमेश्वराकडे वळलेला राजा दुसरा झाला नाही. लगेच पुढे, तरी परमेश्वर आपल्या क्रोधापासून वळला नाही. 'शूब' आणि पुन्हा 'शूब'. लेखकाने ते मुद्दाम शेजारी ठेवलंय, आणि त्याची गोड समजूत घालायचा प्रयत्न केलेला नाही. आम्हीही करणार नाही.

एक कारण मात्र यिर्मयाच्या तिसऱ्या अध्यायात सापडतं. यहूदा परत आली ती पूर्ण मनाने नव्हे, ढोंगाने, असं तिथे म्हटलं आहे. राजाच्या हुकमाने वेद्या फुटल्या, माणसांची मनं नाही फुटली. दुसऱ्याचा पश्चात्ताप हुकमाने होत नाही. घरातल्या बापाने वळायचं ठरवलं म्हणून मुलाचं मन त्याच दिवशी वळेल असं नाही. ज्या भावांनी प्रश्न विचारला त्यांना हे ऐकायला जड जाईल. तुमच्या मुलाचं गप्प राहणं ही तुमच्या क्षमेची पावती नव्हे आणि क्षमा नाकारल्याची नोटीसही नव्हे. ती त्याची जखम आहे, तिचा वेळ ती घेणार.

कर्जाचं मात्र वेगळं आहे, ते तुमच्या हातात आहे. मोशेच्या नियमशास्त्रात लुबाडलेली वस्तू परत करताना पाचवा हिस्सा वर घालायला सांगितला आहे. जक्कय तर चौपट द्यायला तयार झाला. पश्चात्तापात आकडे असतात! कोणाचे किती देणं आहे ते कागदावर लिहा, दर महिन्याला थोडं द्या. आणि ज्याचं आहे त्याला जाऊन भेटा, तोंड चुकवू नका.

आपल्याकडचं एक उदाहरण या ठिकाणी आठवतं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. विधवांसाठी झटत होत्या, शास्त्र वाचत होत्या. आणि १८९१च्या सुमारास त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण खुद्द ख्रिस्त अजून मिळालेला नाही. ही कबुली त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली. विचार करा, चांगलं काम ऐन भरात असताना, लोक नावाजत असताना, हे मान्य करायचं! योशीयासारखंच, मंदिराची डागडुजी चालू असतानाच ग्रंथ सापडला. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं संजीवन झालं, मुली पापं कबूल करत रडल्या, ते पुष्कळांना ठाऊक आहे. त्यामागची ही चौदा वर्षांपूर्वीची शांत गोष्ट कमी जणांना ठाऊक असते. आणि त्यांचंही सगळं 'ठीक' झालं नाही. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. बाई त्या दिवसांतही शास्त्राचं मराठी भाषांतर करत होत्या. १९२२ मध्ये काम संपलं आणि त्याही गेल्या.

योशीयाचा शेवटही सांगायला हवा, झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मिसरचा राजा नखो दुसऱ्याशी लढायला निघाला होता. त्याने निरोप पाठवला, तू मध्ये पडू नकोस. इतिहासाचं पुस्तक म्हणतं की त्याच्या तोंडून देवच बोलत होता आणि योशीयाने ते ऐकलं नाही. ऐकण्यासाठी नावाजलेला राजा त्या दिवशी ऐकेना. मगिद्दोच्या खोऱ्यात त्याला बाण लागला. वय ३९. विशीत ऐकलं म्हणून पुढे आयुष्यभर ऐकू येतच राहील असं नसतं, आणि परक्याच्या तोंडून आलेलं तर माणसाला मुळीच ऐकू येत नाही.

त्याचा मुलगा यहोयाकीम राजा झाला. हिवाळ्याचे दिवस, समोर शेगडी पेटलेली, आणि यिर्मयाच्या संदेशांची गुंडाळी त्याला वाचून दाखवली जात होती. तीनचार रकाने वाचून झाले की तो चाकूने तेवढा भाग कापायचा आणि शेगडीत टाकायचा. बापाने ऐकून वस्त्रं फाडली, मुलाने ग्रंथ फाडला. यिर्मयाच्या ३६व्या अध्यायात मुद्दाम नोंद आहे की तिथे कोणी घाबरलं नाही, कोणी वस्त्रं फाडली नाहीत.

मग योशीयाचं सगळं वाया गेलं का? त्याच खोलीत राजाला 'जाळू नका' म्हणून विनवणारी तीन माणसं होती. त्यांतला एक गमऱ्या. कोणाचा मुलगा? शाफान चिटणिसाचा. ज्याने योशीयाला तो ग्रंथ वाचून दाखवला होता, त्याचा. त्याआधी लोक यिर्मयाला मारायला उठले तेव्हा त्याला वाचवलं अहीकामाने, तोही शाफानाचाच मुलगा, आणि हुल्दाकडे गेलेल्या पाचांपैकी एक. आणि यरुशलेम पडल्यावर यिर्मयाला ज्याच्या स्वाधीन केलं तो गदल्या, अहीकामाचा मुलगा.

राजाच्या पोरांनी ऐकलं नाही. हिशेब सांगायला आलेल्या चिटणिसाच्या घरात मात्र तीन पिढ्या ते ऐकू येत राहिलं, आणि योशीयाला याचा पत्ताही नव्हता.

वेळ झाली. ते भाऊ आज इथे आलेले दिसत आहेत. आपण बाहेर भेटू, चहा घेऊ. कागद मात्र बरोबर असू द्या.