विश्लेषण : मुठीच्या ताकदीला इतके महत्त्व का? रापणीच्या दोरापासून विश्वविक्रमापर्यंत…

सुरतचे विस्पी खराडी यांची एक चित्रफीत मार्च २०२५ मध्ये जगभर फिरली. दोन्ही बाजूंना बाहेर कलणारे, प्रत्येकी १६० किलोंहून अधिक वजनाचे दोन उंच खांब आणि ते साखळ्यांनी धरून मध्ये उभा असलेला माणूस. खराडी यांनी हे खांब २ मिनिटे १०.७५ सेकंद सुटू दिले नाहीत आणि गिनेस विश्वविक्रम नोंदवला. चित्रफीत पाहून अनेकांनी हाताने दाबायचे स्प्रिंगचे ग्रिपर मागवले. मालवणच्या किनाऱ्यावर मात्र मुठीची ही परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या रोजच्या कामातच होत आली. पकड वाढवण्याचा छंद म्हणजे नेमके काय, तो हौशी माणसाने कसा जोपासावा आणि डॉक्टरांना मुठीत एवढा रस का, याचा आढावा.

मुठीची ताकद येते कुठून?

बोटे मिटणारे मुख्य स्नायू बोटांत नसतात, ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात. तिथून कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटांपर्यंत जातात. या बोगद्यात नऊ कंडरा आणि एक महत्त्वाची मज्जातंतू दाटीवाटीने असते. म्हणूनच मुठीचे काम अति झाले की बोटांना मुंग्या येतात.

एक सोपा प्रयोग करून पाहा. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि घट्ट मूठ वळण्याचा प्रयत्न करा. मूठ ढिली पडते. आता मनगट किंचित मागे करा. तीच मूठ घट्ट बसते. पकड ही केवळ बोटांची नसून मनगट, कोपराखालचा हात आणि खांदा या सगळ्यांची मिळून असते, ती अशी.

पकडीचे प्रकार किती?

ढोबळमानाने तीन. पहिला आवळण्याचा : ओले कापड पिळताना किंवा ग्रिपर दाबताना लागतो तो. दुसरा धरून ठेवण्याचा : भरलेली बादली नेताना, दोराला लोंबकळताना बोटे उघडू न देणे. तिसरा चिमटीचा : एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला चार बोटे आणि मध्ये सपाट वस्तू.

सिंधुदुर्गात या तिन्हींची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. रापणीत होडी जाळे घेऊन अर्धवर्तुळात फिरते, जाळ्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन्हीकडे माणसे रांगेने उभी राहून, मागे झुकत, ताल धरून जाळे ओढतात. ओला, खारट, जाड दोर हातातून निसटू न देणे ही धरून ठेवण्याची पकड. चिरेखाणीवर जांभ्याचा चिरा दोन्ही हातांनी कडेने उचलणारा मजूर चिमटीच्या पकडीवर काम करतो. माडावर चढणारा पाडेली एका हाताने झाप धरून दुसऱ्या हाताने कोयता चालवतो. नारळी पौर्णिमेला मालवण बंदरावर नारळ लढवले जातात. एकाने नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर आघात करायचा आणि ज्याचा फुटेल तो हरला. तिथेही नारळाच्या कठीणपणाइतकेच धरणाऱ्याच्या मुठीला महत्त्व असते.

महाराष्ट्रात या ताकदीची परंपरा आहे का?

आहे, पण तिला वेगळे नाव नव्हते. तालमीत मुद्गल, गदा आणि नाल यांचे व्यायाम होत. मुद्गल फिरवताना वजन मुठीपासून लांब असते, त्यामुळे मनगटावर ताण पडतो. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले. पुरलेल्या मल्लखांबावर मांड्यांची पकड मुख्य असते. दोरीच्या मल्लखांबावर मात्र गाठ न मारता शरीर पेलायचे असते आणि दोरी पायाचा अंगठा व शेजारचे बोट यांच्यातही पकडावी लागते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली होती. बडोद्याचे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’च्या रूपाने देशी व्यायामाची माहिती मराठीत आणली.

पंजा लढवणे तर गावोगावी चालत आले. २०२३ मध्ये ‘प्रो पंजा लीग’चा पहिला हंगाम दिल्लीत झाला आणि चहाच्या टपरीवरचा हा खेळ दूरचित्रवाणीवर पोहोचला.

हौशी माणूस कुठवर जाऊ शकतो?

या छंदाचे वैशिष्ट्य असे, की त्याला व्यायामशाळा, मोठे शरीर किंवा प्रायोजक लागत नाही. अमेरिकेतील ‘कॅप्टन्स ऑफ क्रश’ हे ग्रिपर जगभरातल्या हौशींचे मोजमाप झाले आहेत. त्यांतील पहिल्या क्रमांकाचा ग्रिपर सुमारे ६४ किलोंचा, तिसरा १२७ किलोंचा आणि चौथा १६५ किलोंचा मानला जातो. तिसरा ग्रिपर मिटवणारे पहिले प्रमाणित गृहस्थ रिचर्ड सोरिन. ते वर्ष होते १९९१. चौथा मिटवायला आणखी सात वर्षे गेली. १९९८ मध्ये जो किनी यांनी तो मिटवला. किनी यांचा सराव घरी, स्वतः तयार केलेल्या उपकरणांवर चालत असे.

प्रमाणपत्राचा नियम साधा आहे : साक्षीदारासमोर दोन्ही दांड्या एकमेकींना टेकल्याच पाहिजेत. केसाएवढी फट राहिली तरी प्रयत्न बाद. पुढे सरकण्याचे टप्पे इतके लहान असतात, की ती फट भरून काढण्यात महिनेच्या महिने जातात. इथे माणूस टिकतो तो अंगबळापेक्षा चिकाटीवर.

बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या फिरकीच्या ग्रिपरवरील किलोंचे आकडे मात्र फार मनावर घेऊ नयेत. स्प्रिंगचा जोर दांडीवर कुठे मोजला, यावर आकडा बदलतो. दोन कंपन्यांचे ‘४० किलो’ सारखे असतीलच असे नाही.

ताकदीच्या प्रयोगांत युक्ती किती, बळ किती?

दोन्ही असतात. जाड पुस्तक फाडताना आधी ते वाकवून पाने एकमेकांवर सरकवली जातात, म्हणजे कडेची थोडी थोडी पाने फाटत जातात. खिळा वाकवताना टोकांना जाड कापड किंवा चामडे गुंडाळतात, नाहीतर धातू तळव्यात रुततो. खराडी यांच्या विक्रमातही खांबांचे संपूर्ण वजन हातावर नसते. ते जमिनीवर टेकलेले असतात आणि जितके बाहेर कलतील तितकी साखळी जास्त ओढते. पण सरळ उभे राहून ती ओढ दोन मिनिटांहून अधिक सोसणे युक्तीने जमत नाही. बोटे उघडू लागली की खांब आणखी कलतात, ओढ वाढते आणि मग सावरायला संधी राहत नाही.

जाडीचाही प्रश्न असतो. इंग्लंडच्या थॉमस इंच यांचे प्रसिद्ध डंबेल सुमारे ७८ किलोंचे होते. त्याहून कितीतरी जास्त वजन जमिनीवरून उचलणारी माणसे त्याच्यापुढे हरली, कारण त्याची मूठ सुमारे ६ सेंटीमीटर जाड होती आणि बोटे तिच्याभोवती पुरती मिटत नसत. रापणीचा जाड दोर किंवा होडीचे वल्हे हातात धरणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

डॉक्टरांना मुठीत रस का?

कारण मूठ सांगते ते केवळ हाताबद्दल नसते. २०१५ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये ‘प्युअर’ अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भारतासह १७ देशांतील ३५ ते ७० वयोगटातील सुमारे १ लाख ४० हजार लोकांची पकड मोजून त्यांच्यावर साधारण चार वर्षे लक्ष ठेवण्यात आले. पकड दर ५ किलोंनी कमी असेल, तसा कोणत्याही कारणाने मृत्यू होण्याचा धोका १६ टक्क्यांनी जास्त आढळला. धोक्याचा अंदाज देण्यात मुठीची पकड वरच्या रक्तदाबापेक्षा सरस ठरली.

वयोमानानुसार स्नायू झिजण्याच्या आजाराचे निदान करतानाही पकड मोजतात. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार पुरुषांची पकड २८ किलोंपेक्षा आणि स्त्रियांची १८ किलोंपेक्षा कमी असेल, तर ती दुबळी समजतात. त्यासाठी डायनॅमोमीटर नावाचे हातात दाबायचे छोटे यंत्र पुरते. सुई टोचावी लागत नाही आणि काही सेकंदांत आकडा मिळतो.

मग ग्रिपर दाबला की आयुष्य वाढते का?

नाही, आणि गफलत इथेच होते. दुबळी मूठ हे बहुतेकदा कारण नसून खूण असते. कमी हालचाल, अपुरा आहार, जुना आजार यांचा परिणाम सगळ्या शरीरावर होतो आणि तो मुठीत लवकर दिसतो. केवळ मूठ बळकट केली आणि बाकी शरीर खुर्चीतच राहिले, तर आकडा सुधारेल, माणूस तिथेच राहील. तापमापक गार पाण्यात बुडवून ताप उतरत नाही, तसेच हे.

जागच्या जागी जोर लावण्याच्या व्यायामाचा एक फायदा मात्र दिसला आहे. २०२३ मध्ये २७० चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात अशा व्यायामाने वरचा रक्तदाब सरासरी सुमारे ८ अंकांनी कमी झाल्याचे आढळले. भिंतीला पाठ टेकून बसण्याचा आणि मूठ दाबून धरण्याचा व्यायाम त्यात मोडतो. पण म्हणून गोळ्या बंद करायच्या नसतात.

घरच्या घरी सुरुवात कशी करावी?

आठवड्यातून दोन ते तीन दिवस पुरेत आणि मध्ये एक दिवस विश्रांती हवीच. स्नायू काही आठवड्यांत बळावतात, कंडरांना महिने लागतात. बहुतेक दुखापती या दोहोंतल्या अंतरामुळे होतात.

* धरून ठेवण्यासाठी : दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन खळ्यात ताठ चालावे. कडीला कापड गुंडाळले की ती जाड होते आणि काम अवघड होते.
* चिमटीसाठी : गुळगुळीत फळी किंवा वीट अंगठा व बोटांत धरून उभे राहावे. चिऱ्याने सुरुवात करू नये, पायावर पडला तर पाय जायबंदी होतो.
* आवळण्यासाठी : ओला टॉवेल दोन्ही दिशांना पिळावा. ग्रिपर असेल तर सावकाश मिटवून सावकाश उघडावा.
* बोटे उघडण्यासाठी : पाचही बोटांभोवती रबरबँड लावून ती फाकवावीत किंवा तांदळाच्या डब्यात हात खुपसून बोटे पसरावीत. हा भाग बहुतेक जण टाळतात आणि मग कोपर दुखू लागते.

जोर लावताना श्वास रोखू नये, त्याने रक्तदाब क्षणात चढतो. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. रात्री बोटांना मुंग्या येणे, बोटाच्या मुळाशी टोचणे किंवा बोट अडकून ‘टक्‌’ असा आवाज होणे या थांबण्याच्या खुणा आहेत. खिळे वाकवण्याचे, साखळ्या तोडण्याचे प्रयोग चित्रफीत पाहून करू नयेत.

किनाऱ्यावर हा विषय आता महत्त्वाचा का?

कारण मुठीचे काम हातातून निघून चालले आहे. रापणीला पूर्वीसारखी माणसे मिळत नाहीत आणि यांत्रिकी मासेमारीपुढे तिचा निभाव लागणे कठीण झाले आहे. रहाटाची जागा पंपाने घेतली, कापड पिळायला यंत्र आले. यात रडण्यासारखे काही नाही. त्या कामाने तळवे सोलले जात, कंबर मोडे आणि हातात मोबदला थोडाच पडे. ओढणाऱ्याने तो व्यायाम म्हणून कधी केला नव्हता.

पण त्या कष्टाबरोबर आपोआप मिळणारी ताकदही गेली. पकड साधारण तिशीत सर्वाधिक असते आणि पन्नाशीनंतर उतरू लागते. कोकणात अनेक घरांत मुले मुंबईला चाकरमानी आणि मागे म्हातारी माणसे एकटी असतात. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवर पाय घसरला, तर कठडा धरणारी मूठ घट्ट आहे की नाही, यावर पुढचे सहा महिने अंथरुणात जातील की नाही हे ठरू शकते. म्हणून गणपतीला घरी येणाऱ्याने आईवडिलांचा रक्तदाब तपासताना एकदा मूठही तपासून घ्यावी. बाटलीचे झाकण उघडते का, पाण्याची कळशी एका हाताने उचलता येते का, वर्षभरात यात काय बदलले, एवढे विचारले तरी पुरे. बदल मोठा असेल, तर ग्रिपर विकत घेण्याआधी डॉक्टरांकडे जावे.