कृष्णवर्णीय आदर्श व्यक्तिरेखा : कोकणचा इतिहास व विज्ञानकथात्मक मालिका

कथा, नाटक, चित्रपट, दूरचित्रवाणी इ. माध्यमांतील आफ्रिकी वंशाच्या ज्या पात्राकडे पाहून प्रेक्षकास, विशेषतः त्याच वंशाच्या मुलास, आपल्या भावी आयुष्याची कल्पना करता येते, त्या पात्रास कृष्णवर्णीय आदर्श व्यक्तिरेखा म्हणता येईल. अशा पात्राच्या ठिकाणी केवळ शौर्य वा सद्‌गुण असून भागत नाही. कथेत त्याला अधिकाराचे स्थान, स्वतःची बुद्धी आणि स्वतःचा निर्णय असावा लागतो. ह्या विषयाची चर्चा सामान्यतः अमेरिकन व ब्रिटिश विज्ञानकथात्मक मालिकांच्या संदर्भात होते. तथापि महाराष्ट्राला तो परका नाही. कोकणच्या किनाऱ्यावर आफ्रिकी वंशाच्या सिद्दींची सत्ता तीन शतकांहून अधिक काळ टिकून होती आणि रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागातील किल्ले, खाड्या व देवस्थाने यांच्या इतिहासात त्यांचा वारंवार उल्लेख येतो. ह्या लोकांपैकी कोणती माणसे मराठी कथनपरंपरेने ठळक केली व कोणती मागे ठेवली, हा ह्या विषयाचा महाराष्ट्रातील गाभा होय.

सिद्दी व रत्नागिरीचा किनारा : आफ्रिकेच्या पूर्व भागातून गुलाम, सैनिक, खलाशी व व्यापारी म्हणून भारतात आलेल्या लोकांना हबशी किंवा सिद्दी म्हणतात. ‘हबशी’ हा शब्द ॲबिसिनियाच्या ‘हबश’ ह्या अरबी नावावरून, तर ‘सिद्दी’ हा आदरार्थी अरबी संबोधनावरून आला आहे. दख्खनच्या सुलतानांच्या पदरी ते मोठ्या हुद्द्यांवर चढले. जंजिरा येथील सिद्दींनी पुढे जवळजवळ स्वतंत्र सागरी सत्ता उभारली आणि त्यांचे संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत टिकले. छत्रपती शिवाजी महाराज व छत्रपती संभाजी महाराज या दोघांनीही प्रयत्न करूनही जंजिरा हाती आला नाही.

बाणकोटच्या खाडीच्या दक्षिणेस गुहागरजवळील अंजनवेल व चिपळूणजवळील गोवळकोट ही ठाणी सतराव्या शतकाच्या अखेरीपासून सिद्दींकडे होती. तेथील अधिकारी सिद्दी सात याने १७२७ मध्ये, एका हत्तीवरून उद्‌भवलेल्या वितुष्टातून, चिपळूणजवळील परशुरामाचे देवस्थान उद्ध्वस्त केले. ब्रह्मेंद्रस्वामींचे वास्तव्य तेथे असल्याने ह्या घटनेचे तीव्र पडसाद सातारच्या दरबारात उमटले. १७३६ मध्ये चिमाजी आप्पाने अलिबागनजीकच्या लढाईत सिद्दी सातास ठार केले आणि १७४५ च्या सुमारास तुळाजी आंग्रे याने अंजनवेल व गोवळकोट घेतले. किनाऱ्यावरील गावांची लूट व माणसांची धरपकड यांच्या आठवणी ह्या संघर्षाशी निगडित आहेत. त्यामुळे लोकस्मृतीत सिद्दी हा समुद्रावरून येणारा शत्रू म्हणून राहिला, यात नवल नाही. ही प्रतिमा निराधार नाही. ती अपुरी आहे.

मराठी कथनपरंपरेतील प्रतिमा : ऐतिहासिक कादंबरी, नाटक, चित्रपट आणि अलीकडील दूरचित्रवाणी-मालिका यांत सिद्दी पात्रे मुख्यतः दोन प्रसंगांत येतात. पहिला, १६६० मधील पन्हाळ्याचा वेढा आणि त्याचा सेनापती सिद्दी जौहर. दुसरा, जंजिऱ्याची मोहीम. ‘राजा शिवछत्रपती’ (२००८-०९) व ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ (२०१७–२०) ह्या मालिका आणि ‘पावनखिंड’ (२०२२) हा चित्रपट यांमुळे हे प्रसंग नव्या पिढीच्या घराघरांत पोहोचले. कथेच्या गरजेनुसार सिद्दी येथे प्रतिपक्षी असतो. तो धूर्त, चिवट व शूर दाखविला जातो. परंतु त्याच्या आयुष्यात प्रेक्षकाला प्रवेश मिळत नाही.

इतिहासाची साधने मात्र ह्याहून अधिक प्रकारची माणसे दाखवितात. पन्हाळ्याचा वेढा फोडण्यासाठी नेताजी पालकराबरोबर गेलेल्या मराठी फौजेत सिद्दी हिलाल होता. त्याचा तरुण पुत्र वाहवाह ह्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. म्हणजेच त्या रणांगणावर सिद्दी दोन्ही बाजूंना होते. अफझलखानाच्या भेटीच्या वेळी शिवाजी महाराजांनी निवडलेल्या दहा अंगरक्षकांत सिद्दी इब्राहीम याचे नाव येते. स्वराज्याच्या सेवेतील ह्या व्यक्ती परिचित प्रसंगांतीलच असल्या, तरी त्यांची नावे यादीतील उल्लेखापलीकडे क्वचितच जातात. त्यांच्याभोवती कथा रचली गेली, असे फारसे घडले नाही.

मलिक अंबर : कृष्णवर्णीय आदर्श व्यक्तिरेखेसाठी लागणारी सर्व सामग्री ज्याच्या चरित्रात आहे, असा दख्खनच्या इतिहासातील पुरुष म्हणजे मलिक अंबर (सु. १५४८–१६२६) होय. इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला व बगदादमार्गे अहमदनगरच्या निजामशाहीत पोहोचला. तेथील पेशवा चंगीझखान, जो स्वतःही हबशी होता, त्याचा धनी बनला. धन्याच्या मृत्यूनंतर अंबराने स्वतःची फौज जमविली आणि १६०० मध्ये अहमदनगर मोगलांकडे गेल्यावर दुसऱ्या मुर्तजा निजामशाहास गादीवर बसवून राज्य सावरले. १६१० मध्ये त्याने खडकी (पुढचे औरंगाबाद, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) हे नगर वसविले. तेथील नहर-ए-अंबरी ही भूमिगत जलवाहिनी, जमिनीची प्रतवारी करून सारा ठरविण्याची त्याची पद्धत आणि मराठा घोडदळाच्या साहाय्याने चालविलेले गनिमी काव्याचे युद्ध, ही त्याची मुख्य कामगिरी. १६२४ मधील भातवडीच्या लढाईत त्याने मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला. ह्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्याची कबर खुलदाबाद येथे आहे.

मोगल बादशाह जहांगीर यास अंबराचा पाडाव करता आला नाही, मात्र सु. १६१६ मध्ये अबुल हसन ह्या दरबारी चित्रकाराने जहांगीर अंबराच्या तोडलेल्या शिरावर बाण सोडीत आहे, असे चित्र रंगविले. रणांगणात न मिळालेला विजय चित्रात मिळविण्याचा हा प्रकार होय. तेच चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. प्रतिमा कोण घडवितो, त्यावर पात्राचे स्थान ठरते, हे त्यावरून स्पष्ट होते.

विज्ञानकथात्मक मालिका : ऐतिहासिक कथेला भूतकाळाचे बंधन असते, विज्ञानकथा भविष्यकाळात घडत असल्याने तीत समाजातील स्थाने नव्याने वाटता येतात. अमेरिकन दूरचित्रवाणीवर ही शक्यता प्रथम ठळकपणे ‘स्टार ट्रेक’ (१९६६–६९) ह्या मालिकेत वापरली गेली. तीत निशेल निकोल्स (१९३२–२०२२) हिने अंतराळयानावरील संदेशवहन अधिकारी उहुरा हिची भूमिका केली. हे नाव ‘स्वातंत्र्य’ या अर्थाच्या ‘उहुरू’ ह्या स्वाहिली शब्दावरून घेतलेले आहे. त्या काळी अमेरिकन मालिकांत कृष्णवर्णीय स्त्री बहुतांशी मोलकरणीच्या भूमिकेत दिसे. उहुरा मात्र यानाच्या नियंत्रणकक्षात बसे, तिला हुद्दा होता आणि तेथे तिच्या असण्याचे कोणासही आश्चर्य वाटत नसे. ह्या साधेपणातच त्या भूमिकेचे सामर्थ्य होते.

पहिल्या वर्षानंतर निकोल्स मालिका सोडण्याच्या विचारात होती; परंतु मार्टिन ल्यूथर किंग यांनी एका समारंभात भेटून तिला परावृत्त केले, असे तिने पुढे अनेकदा सांगितले. १९७७ मध्ये ‘नासा’ने स्त्रिया व अल्पसंख्य यांनी अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करावेत म्हणून तिचे साहाय्य घेतले. १९७८ मध्ये निवडलेल्या गटात गायन ब्लुफर्ड, रॉनल्ड मॅकनेर व फ्रेडरिक ग्रेगरी हे कृष्णवर्णीय अंतराळवीर होते. त्यांपैकी ब्लुफर्ड १९८३ मध्ये अंतराळात गेला. सप्टेंबर १९९२ मध्ये अंतराळात जाणारी पहिली आफ्रिकी-अमेरिकन स्त्री, डॉ. मे जेमिसन, हिने लहानपणी पाहिलेल्या उहुराचा आपल्यावरील प्रभाव सांगितला आहे. कल्पित पात्राने खऱ्या व्यवसायाचा मार्ग दाखविल्याचे हे सुस्पष्ट उदाहरण होय.

ह्या यशाला मर्यादाही होत्या. उहुराच्या वाट्याला संवाद थोडे येत व कथा क्वचितच तिच्याभोवती फिरे. पुढील मालिकांत हे बदलले. १९८७ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या मालिकेत लेव्हार बर्टन याने जॉर्डी ला फोर्ज ह्या अंध अभियंत्याची भूमिका केली. हाच नट १९७७ मध्ये ‘रूट्‌स’ ह्या मालिकेत कुंटा किंटे हा गुलाम झाला होता. ‘डीप स्पेस नाईन’ (१९९३–९९) मध्ये एव्हरी ब्रुक्स याने रंगविलेला बेंजामिन सिस्को हा अंतराळस्थानकाचा प्रमुख, तसाच प्रेमळ पिता आहे. ह्या मालिकेच्या १९९८ मधील एका भागात तो १९५३ च्या न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय विज्ञानकथालेखक म्हणून दिसतो. नायक कृष्णवर्णीय असल्याने त्याची कथा छापली जात नाही. ‘स्टार ट्रेक : डिस्कव्हरी’ (२०१७–२४) मध्ये सोनेक्वा मार्टिन-ग्रीन हिची कृष्णवर्णीय नायिका कथेच्या केंद्रस्थानी आली. ब्रिटनमधील ‘डॉक्टर हू’ ह्या मालिकेत २००७ मध्ये मार्था जोन्स ही वैद्यकाची विद्यार्थिनी आली आणि २०२३ मध्ये नायकाची भूमिका रवांडात जन्मलेल्या शूटी गाट्‌वा याने केली.

महाराष्ट्रातील अनुबंध : मूळ ‘स्टार ट्रेक’ मालिका १९८० नंतरच्या दशकात दूरदर्शनवर दाखविली गेल्याने भारतीय प्रेक्षकांसही उहुरा परिचित झाली. परंतु कृष्णवर्णीयांच्या मुक्तीशी महाराष्ट्राचे वैचारिक नाते त्याहून बरेच जुने आहे. महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हे पुस्तक अमेरिकेत गुलामीची प्रथा नष्ट करणाऱ्या लोकांस अर्पण केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथर ह्या संघटनेपासून स्फूर्ती घेतली.

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे आंबेडकरांचे मूळ गाव. त्यांच्यावरील जब्बार पटेल दिग्दर्शित चित्रपट (२०००) आणि ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा’ (२०१९-२०) ही मराठी मालिका यांनी वंचित समाजातील मुलास पडद्यावर विद्वान, बॅरिस्टर व संविधानशिल्पी म्हणून आपला माणूस दाखविला. उहुराच्या भूमिकेने अमेरिकेत जे साधले, त्याच्याशी ह्याचे नाते उघड आहे. मात्र भारतातील सिद्दी मुलास अशी प्रतिमा सहजी मिळत नाही.

सिद्दी समाज आज मुख्यत्वे गुजरात, कर्नाटक, तेलंगण व गोवा ह्या भागांत आढळतो. गोव्याच्या सीमेलगतच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, अंकोला इ. तालुक्यांत त्यांची वस्ती असून त्यांच्या बोलीत कोकणी, मराठी व कन्नड यांचे मिश्रण आहे. त्यांत हिंदू, ख्रिस्ती व मुसलमान असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. २००३ मध्ये ह्या जिल्ह्यातील सिद्दींचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. भारतीय क्रीडा प्राधिकरणाने १९८७ मध्ये सिद्दी मुलांसाठी खास प्रशिक्षण-योजना सुरू केली. शांताराम सिद्दी हे २०२० मध्ये कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्त झाले, तर गुजरातमधील हिराबाई लोबी यांना सामाजिक कार्यासाठी २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. लोकमानसात मात्र सिद्दी म्हणजे धावपटू किंवा धमाल नृत्य करणारा, अशीच कल्पना प्रबळ आहे. शत्रूच्या भूमिकेतून सुटून माणूस केवळ करमणुकीच्या भूमिकेत अडकला, तर प्रतिमेचा संकोच कायमच राहतो.

मूल्यमापन : आदर्श व्यक्तिरेखा निर्दोष असली पाहिजे, असे नाही. परशुरामाचे देवस्थान उद्ध्वस्त करणारा सिद्दी सात इतिहासातून पुसण्याचे कारण नाही. त्याच्याबरोबर सिद्दी हिलाल, सिद्दी इब्राहीम व मलिक अंबर यांनाही कथेत जागा असावी, एवढेच अपेक्षित आहे. मराठी विज्ञानकथेपाशी त्यासाठी लागणारे तंत्र आहे : जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ह्या कथेत पानिपतचा निकाल उलटवून इतिहासाला नवा प्रश्न विचारला. विज्ञानकथा व ऐतिहासिक कथा ह्या दोन्ही प्रकारांची मराठीत परंपरा असल्याने, कोकणच्या समुद्रावरून आलेल्या माणसाला सेनापती, नगररचनाकार, अभियंता किंवा अंतराळवीर म्हणून उभे करणे हे मराठी लेखकास अवघड नाही. असे पात्र निर्माण झाल्यास त्याचा लाभ केवळ सिद्दी मुलास होणार नाही. आपल्याच किनाऱ्याचा इतिहास किती माणसांनी मिळून घडविला, हे इतर प्रेक्षकांसही त्यातून उमगेल.