एक शब्द बदलला असता तर? ‘जंगल बुक’च्या शीर्षकगीताची गोष्ट

ज्यांचे इअरफोन घरी राहिले, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणंच बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. भाषा बोलल्यासारखीच ठेवली आहे, फक्त मधले ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ कमी केलेत.

आजचा विषय आहे दूरदर्शनवरच्या ‘जंगल बुक’चं शीर्षकगीत. १९९३ साली ही मालिका रविवारी सकाळी लागायची. माझा जन्म त्यानंतरचा, पण मौद्यातल्या आमच्या घरी मोठ्या भावंडांमुळे हे गाणं मला चालता येण्याआधी पाठ झालं असावं. हिंदी नीट न येणारे पोट्टेही ते बरोब्बर म्हणायचे.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती ऐकून दर वेळी समोरचा म्हणतो, ‘काय सांगता!’ ही मालिका आपली नव्हतीच. ती जपानी आहे. निप्पॉन अ‍ॅनिमेशन नावाच्या कंपनीनं बनवलेली, ५२ भागांची, आणि तिकडे टीव्ही टोकियोवर १९८९ च्या ऑक्टोबरपासून वर्षभर चाललेली. आपल्याकडे आली ती हिंदी आवाज लावून. शेरखानचा आवाज होता नाना पाटेकर यांचा. तो आवाज ऐकून घाबरलेली पोरं आज स्वतः आईबाप झाली आहेत.

आता डबिंग कसं होतं ते थोडक्यात. मालिका दुसऱ्या देशात जाते तेव्हा तिच्यासोबत साधारणपणे एक असा ट्रॅक दिला जातो ज्यात संवाद नसतात, फक्त पार्श्वसंगीत आणि पावलांचे, पानांचे, डरकाळ्यांचे आवाज असतात. त्यावर आपल्या भाषेतले संवाद बसवायचे. शीर्षकगीताचा मात्र प्रश्न येतो. ते तिकडच्या भाषेत, तिकडच्या चालीत असतं, आणि शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं तर गाता येत नाही. मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथे अ‍ॅप दुसऱ्या भाषेत नेताना हाच त्रास होतो. बटणावरचे शब्द बदलणं सोपं असतं. पण वापरणाऱ्याला ते अ‍ॅप आपलं वाटावं, यासाठी कधीकधी पहिलं पानच नव्यानं बनवावं लागतं.

इथेही तेच केलं. जपानी गाणं बाजूला ठेवलं आणि भारतासाठी नवं गाणं करायला घेतलं. शब्द गुलजार यांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचं. गुलजार तेव्हा मोठं नाव होतं. विशाल भारद्वाज यांना मात्र फार कोणी ओळखत नव्हतं, ज्या ‘माचिस’मुळे ते नाव झालं तो सिनेमा १९९६ चा. गाणं गायलं अमोल सहदेव या लहान मुलानं. गाणं इतकं का चिकटलं याचं अर्धं कारण मला तो आवाजच वाटतो. तो गोड करून गायलेला नाही, बातमी हातात आलेल्या पोराचा आहे.

आणि गाणं खरंच बातमीचंच आहे. त्यात मोगलीचं नाव नाही, शेरखान नाही, गोष्ट काय आहे तेही नाही. जंगलभर एक कुजबूज पसरली आहे एवढंच. कसली कुजबूज? तर इथे एक असं काहीतरी उगवलंय ज्यानं चड्डी घातली आहे.

याच ‘चड्डी’वर घोडं अडलं होतं. गुलजार आणि विशाल भारद्वाज यांच्या मुलाखतींतून हा किस्सा आता सगळीकडे पोचला आहे: निर्मितीच्या बाजूच्या काही लोकांना तो शब्द खटकला, मुलांच्या कार्यक्रमात बरा दिसत नाही म्हणून बदला असं सुचवलं गेलं. गुलजार यांनी तो बदलला नाही.

बदलला असता तर काय बिघडलं असतं? माझ्या मते सगळं गाणंच पडलं असतं. विचार करा ना, जंगलात कपडे कोणाकडेच नाहीत. वाघाला पट्टे आहेत, अस्वलाला केस आहेत, मोराला पिसारा. माणसाच्या पोराकडे यातलं काहीच नाही, म्हणून त्याला चड्डी. प्राण्यांच्या नजरेतून पाहिलं तर ‘माणूस आला’ ही बातमी सांगायचा याहून छोटा शब्द नाही. गाण्याच्या पुढच्या भागात तर अंड्यातून बाहेर आलेलं उघडं पाखरू लाजून बसलंय, त्यापेक्षा आतच बरा होतो म्हणतंय. म्हणजे लाज, उघडेपण, कपडे, हे एकाच धाग्यातलं आहे. आणि आपल्यासाठी आणखी एक फायदा: चड्डीला मराठीतही चड्डीच म्हणतात. मौद्याच्या पोराला हिंदी येण्याची गरजच पडली नाही.

गंमत म्हणजे हा धागा मूळ पुस्तकातही आहे. रुडयार्ड किपलिंगच्या १८९४ च्या ‘द जंगल बुक’मध्ये लांडगीण त्या बाळाकडे पाहते तेव्हा तिला जाणवतं ते त्याचं उघडं अंग. ती त्याला बेडूक म्हणते, कारण अंगावर केस नाहीत. ‘मोगली’चा अर्थ त्या गोष्टीत बेडूक आहे. तो शब्द किपलिंगनं बनवलेला, कुठल्याही भाषेत शोधू नका. पुढे मोगली गावात राहायला जातो तेव्हा त्याला अंगाला कापड गुंडाळावं लागतं आणि त्याचा त्याला भयंकर वैताग येतो. गुलजार यांनी हे सगळं समोर ठेवून लिहिलं की आपोआप जुळलं, यावर मी पैज लावणार नाही. पण जुळलंय पक्कं.

आता आपल्या भागाकडे या, कारण खरी मजा इथे आहे. किपलिंगचा जन्म मुंबईचा, १८६५ चा. ‘जंगल बुक’च्या गोष्टी त्यानं लिहिल्या अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात बसून. आणि त्या घडतात कुठे? सिवनीच्या डोंगरांत, वैनगंगेच्या काठी. तो स्वतः सिवनीच्या जंगलात फिरला नव्हता असंच अभ्यासक मानतात. रॉबर्ट स्टर्नडेल या इंग्रज निसर्ग अभ्यासकाचं सिवनीवरचं १८७७ चं पुस्तक त्याच्या कामी आलं असं सांगतात. पुस्तकात कान्हीवाड्याचं नावसुद्धा आहे, आणि ते गाव आजही सिवनी जिल्ह्यात आहे.

किपलिंग लिहीत होता तेव्हा सिवनी मध्य प्रांतात होतं, आणि मध्य प्रांताची राजधानी होती नागपूर. म्हणजे सरकारी कागदावर मोगलीचा जिल्हा नागपुरातून चालायचा! राज्यांची फेररचना झाल्यावर सिवनी मध्य प्रदेशात राहिलं आणि आपण इकडे आलो. नद्यांनी मात्र हे काही मनावर घेतलं नाही. पेंच नदी मध्य प्रदेशातून, वाघांच्या जंगलातून खाली येते, कामठीजवळ कन्हानला मिळते. तीच कन्हान मौद्यावरून जाते. पुढे कुही तालुक्यात आंभोऱ्याला ती वैनगंगेत शिरते. आंभोऱ्याच्या संगमावर जे पाणी दिसतं त्यात मोगलीची वैनगंगाही आहे आणि आपली कन्हानही.

जाता जाता एक टोमणा. दुसऱ्या ‘जंगल बुक’मध्ये सिवनीच्या लांडग्यांवर रानकुत्र्यांची टोळी चालून येते, ती दख्खनमधून, म्हणजे दक्षिणेकडून. नकाशा पाहिला तर रस्ता आपल्याच बाजूनं येतो. व्हिलन आपलेच निघाले बाप्पा.

शाळेत भूगोलाच्या तासाला वैनगंगा होती आणि रविवारी टीव्हीवर मोगली होता, पण ही दोन्ही एकाच गोष्टीत आहेत असं मला तरी कोणी सांगितलं नाही. मला ते इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर, पुस्तक मोबाइलवर वाचताना कळलं, तेव्हा मी रूममेटला झोपेतून उठवलं होतं.

२०१६ मध्ये डिस्नेचा ‘द जंगल बुक’ आला. जॉन फॅव्हरोचा तो सिनेमा लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत शूट झालेला, झाडं आणि प्राणी कॉम्प्युटरवर बनवलेले. भारतात तो ८ एप्रिलला लागला, अमेरिकेच्या एक आठवडा आधी. हिंदी आवृत्तीत शेरखान पुन्हा नाना पाटेकर. आणि प्रमोशनसाठी काय केलं माहितीये? गुलजार आणि विशाल भारद्वाज यांचं तेच जुनं गाणं नव्यानं रेकॉर्ड केलं. एवढी मोठी कंपनी, एवढं तंत्रज्ञान, आणि भारतात मोगली ओळखू यावा म्हणून २३ वर्षांपूर्वीची चड्डी पुन्हा काढावी लागली.

तुमच्या घरात १९९३ चे रविवार आठवणारं कोणी असेल तर त्यांना हे गाणं म्हणायला लावा, व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला लावू. आणि आंभोऱ्याला गेलात तर फोटो नक्की पाठवा, पण पाण्याच्या फार जवळ जाऊ नका, खोल आहे.