परस्परव्याप्त कालखंडांचे एसक्यूएलद्वारे एकत्रीकरण
एकाच कर्मचाऱ्याची सेवा दोन सारण्यांमध्ये नोंदविलेली असेल आणि त्यांतील कालखंड परस्परव्याप्त असतील, तर नुसत्या बेरजेत तेच दिवस दोनदा मोजले जातात. परिणामी सेवाकाल व त्यावर आधारित निवृत्तिवेतन दोन्ही चुकतात. म्हणून बेरजेपूर्वी कालखंडांचे एकत्रीकरण आवश्यक ठरते.

प्रथम 'युनियन ऑल'ने दोन्ही सारण्यांतील नोंदी एकत्र करून, प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी त्या प्रारंभदिनांकानुसार क्रमाने लावाव्यात. यानंतर प्रत्येक नोंदीची तुलना केवळ लगतच्या मागील नोंदीशी करणे ही नेहमी घडणारी चूक होय. उदाहरणार्थ, (१) १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२०, (२) १ ते ३१ मार्च २०२०, (३) १ जून २०२० ते ३० जून २०२१. तिसरा कालखंड दुसऱ्यापासून सुटा असला, तरी पहिल्याशी व्याप्त आहे. त्यास स्वतंत्र मानल्यास सेवा ५४७ ऐवजी ७६१ दिवस भरते.

यास्तव 'मॅक्स' हे विंडो फंक्शन म्हणून वापरून आधीच्या सर्व नोंदींतील सर्वांत उशिराचा समाप्तिदिनांक काढावा. नोंदीचा प्रारंभ त्याच्या पुढील दिवसाच्याही नंतरचा असेल, किंवा आधीची नोंदच नसेल, तर १, अन्यथा ० अशी खूण करावी. या खुणांची चढती बेरीज हाच गटक्रमांक होय. शेवटी 'ग्रुप बाय'ने प्रत्येक गटातील किमान प्रारंभ व कमाल समाप्ती घेतल्यास प्रत्येक दिवस एकदाच मोजला जातो.